मिशेल पेबरो : सरकारी खजिन्यातून बँकेच्या अध्यक्षपदापर्यंत

आपण एका फ्रेंच बँकेच्या मुंबईतील कार्यालयात नुकतेच रुजू झाला आहात आणि तेव्हापासून मिशेल पेबरो हे नाव आपल्या कानावर वारंवार पडते आहे, असे आपण लिहिले आहे. आपले प्रश्न तीन आहेत : ज्यांची कारकीर्द शाखेत नव्हे तर सरकारी कचेरीत घडली ते फ्रान्समधील एका अग्रगण्य बँकेचे प्रमुख कसे झाले, १९९९ मध्ये दोन बँका एकाच वेळी ताब्यात घेण्यासाठी त्यांनी लावलेली दुहेरी बोली हा विजय मानावा की पराभव, आणि आजच्या बीएनपी परिबा या फ्रेंच बँकेच्या घडणीत त्यांचा वाटा किती. मी सुमारे पंचवीस वर्षे परदेशी बँकांना किती मर्यादेपर्यंत पैसे द्यावेत हे ठरवण्याचे काम केले. फ्रेंच बँका त्या यादीत कायम असत आणि त्यांचे वार्षिक अहवाल दरवर्षी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे लागत. त्या वाचनातून मला पेबरो यांची कारकीर्द एका प्रश्नाभोवती फिरताना दिसते, तो म्हणजे बँकेवर ताबा नेमका कोणाचा. माझे उत्तर त्याच धाग्याने जाईल.

पेबरो यांचा जन्म १९४२ चा, पॅरिसचा. आधी एकोल पोलितेक्निक ही अभियंते घडवणारी लष्करी परंपरेची संस्था, मग वरिष्ठ प्रशासक घडवणारी एना, आणि तेथून १९६७ मध्ये ‘अँस्पेक्सियों दे फिनांस’ म्हणजे वित्त तपासणी सेवेत प्रवेश, असा त्यांचा मार्ग होता. एनातून दरवर्षी अगदी वरच्या क्रमांकाच्या मोजक्याच उमेदवारांना या सेवेत जागा मिळे. तेथे पहिली काही वर्षे देशभर फिरून कर कार्यालये, कोषागारे आणि सार्वजनिक संस्था यांची दप्तरे तपासावी लागत. पंचविशीतला तरुण एखाद्या जिल्ह्याच्या कोषागारात जाऊन रोकड, नोंदी आणि पावत्या जुळवून पाहतो आणि आपल्या दुप्पट वयाच्या अधिकाऱ्याला लेखी प्रश्न विचारतो, असे ते प्रशिक्षण होते. काउंटरवरचा अनुभव त्यात नव्हता हे खरे, पण हिशेब कोठे लपतो हे त्यात शिकायला मिळे, आणि बँकेच्या प्रमुखाला ते ज्ञान काउंटरवरच्या अनुभवापेक्षा कमी उपयोगी पडते असे मला वाटत नाही.

१९७० पासून ते अर्थ मंत्रालयाच्या ‘त्रेझोर’ म्हणजे कोष विभागात काम करू लागले. त्या काळात ते अर्थमंत्री व्हॅलेरी जिस्कार देस्तँ यांच्या कार्यालयात होते, आणि पुढे १९७८ नंतर अर्थमंत्री रने मोनोरी यांच्या खासगी कार्यालयाची धुरा त्यांनी सांभाळली. आपल्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर या विभागाच्या स्वरूपात आहे. मोठ्या ठेव बँका १९४५ च्या कायद्याने सरकारच्या मालकीच्या झालेल्या होत्या. सत्तरच्या दशकात एखाद्या बँकेने वर्षभरात कर्जे किती टक्क्यांनी वाढवायची याचीसुद्धा मर्यादा वरून ठरवून दिली जाई. बँकांचे प्रमुख सरकार नेमत असे आणि त्यांच्या भांडवलाचा विचार त्रेझोरमध्ये होई. अशा व्यवस्थेत त्रेझोर ही जणू साऱ्या बँकांची मिळून एक प्रधान कचेरी होती. तेथे दहा-बारा वर्षे काढलेला अधिकारी बँकिंगला परका नसे. प्रत्येक बँकेचे दुखणे त्याला तिच्या अध्यक्षाइतकेच ठाऊक असे.

अशा अधिकाऱ्याने सरकारी सेवा सोडून उद्योगात किंवा बँकेत जाण्याला फ्रेंचमध्ये ‘पाँतुफ्लाज’ म्हणतात. पाँतुफ्ल म्हणजे घरात घालायच्या सपाता. पोलितेक्निकच्या विद्यार्थ्यांच्या बोलीतून आलेला हा शब्द आहे, आणि सरकारी सेवेचे बंधन मोडून बाहेर पडणाऱ्याला शिक्षणाचा जो खर्च परत करावा लागे, त्यालाही तेच नाव होते. आपल्याकडे सरकारी बँकेचा प्रमुख बहुधा परिविक्षाधीन अधिकारी म्हणून लागलेला, लहान गावांतील शाखा आणि विभागीय कार्यालये पार करत वर चढलेला असतो, तर अर्थ मंत्रालयाचा अधिकारी संचालक मंडळावर सरकारचा प्रतिनिधी म्हणून बसतो. फ्रान्समध्ये हा प्रतिनिधी आणि तो प्रमुख एकाच साच्यातून येत. त्यामुळे आपल्याला जे आश्चर्य वाटते ते पॅरिसमध्ये कोणाला वाटत नसे.

मात्र साचा एक असला म्हणजे फळ एकच येते असे नाही. ज्याँ-इव्ह आबेरे हेही एनाचे, वित्त तपासणी सेवेचे आणि थेट त्रेझोरचे संचालक राहिलेले. १९८२ मध्ये ते परिबा या राष्ट्रीयीकृत गुंतवणूक बँकेचे प्रमुख झाले आणि १९८८ मध्ये क्रेदी लिओने या सरकारी बँकेचे. तेथे त्यांनी बँकेचा विस्तार इतक्या वेगाने केला, उद्योगांत भागभांडवल घेणे, मालमत्ता क्षेत्राला कर्जे देणे आणि परदेशांत बँका विकत घेणे इतके वाढवले, की १९९३ या एका वर्षात ६.९ अब्ज फ्रँकचा तोटा दिसला आणि पुढच्या वर्षी तो १२ अब्जांच्या वर गेला. बुडीत मालमत्ता वेगळी काढून तिचा बोजा सरकारला, म्हणजे करदात्याला, उचलावा लागला. शिक्षण तेच, सेवा तीच, विभाग तोच. मला फरक दिसतो तो एवढाच की आबेरे यांच्या मागे न थकणारा मालक होता, सरकार. आणि पेबरो यांनी आपल्या दोन्ही बँका त्या मालकाच्या हातून बाहेर काढल्या.

त्यातली पहिली बँक म्हणजे क्रेदी कोमर्सियाल द फ्रान्स, थोडक्यात सीसीएफ. १९८१ मध्ये समाजवादी सत्तेवर आले आणि १९८२ च्या कायद्याने एक अब्ज फ्रँकपेक्षा जास्त ठेवी असलेल्या खासगी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. आपल्याकडे १९६९ मध्ये १४ बँका घेताना ५० कोटी रुपयांच्या ठेवींची रेघ आखली होती, त्याच प्रकारची ही रेघ. उजव्या मंत्र्यांच्या कार्यालयांत वाढलेल्या अधिकाऱ्याला आता मंत्रालयात पुढची वाट अरुंद होती असे मी मानतो. पेबरो त्याच वर्षी सीसीएफमध्ये वरिष्ठ पदावर दाखल झाले. १९८७ मध्ये सरकार बदलले होते आणि सीसीएफ पुन्हा खासगी झाली. तेव्हापासून १९९३ पर्यंत ते तिचे अध्यक्ष होते. ही मध्यम आकाराची आणि चांगल्या नफ्याची बँक होती, आणि सहकाऱ्यांसह बँक प्रत्यक्ष चालवणे ते तेथे शिकले. २००० मध्ये एचएसबीसीने ती विकत घेतली.

१९९३ च्या मे महिन्यात ते बीएनपी या सरकारी बँकेचे अध्यक्ष झाले. एदुआर बालादुर यांच्या सरकारने २१ उद्योगांच्या खासगीकरणाचा कायदा केला होता आणि त्यातील पहिली विक्री ऑक्टोबरमध्ये बीएनपीचीच झाली. येथे ‘नोय्यो द्यूर’ म्हणजे टणक गाभा ही फ्रेंच पद्धत लक्षात घ्यावी लागते. परक्याने बँक गिळू नये म्हणून सरकार काही मोठ्या कंपन्यांना ठरावीक हिस्सा देऊन एकमेकींत गुंतवून ठेवी. बीएनपी आणि यूएपी ही विमा कंपनी यांच्याकडे एकमेकींचे भाग, म्हणजे शेअर, होते. सरकार गेले, पण बाजारही पुरता आला नाही, असा तो मधला काळ. ज्या अध्यक्षाला फक्त खुर्ची टिकवायची आहे त्याला ही व्यवस्था सोयीची होती. पण १९९६ मध्ये अक्सा या दुसऱ्या विमा कंपनीने यूएपी ताब्यात घेतली, अमेरिकी आणि ब्रिटिश पेन्शन फंड पॅरिसच्या बाजारात भाग घेऊ लागले आणि तो गाभा ढिला पडला. १९९८ मध्ये सरकारने सीआयसी हा बँकसमूह विकायला काढला. बीएनपी आणि सोसिएते जेनेराल दोघींनी तो मागितला आणि तो क्रेदी म्युच्युएल या सहकारी बँकेला गेला. युरोचे चलन उंबरठ्यावर होते, शेजारच्या देशांत बँका एकत्र येत होत्या, आणि पॅरिसच्या दोन मोठ्या बँकांच्या हाती काहीच लागले नव्हते. पुढच्या वर्षी जे घडले ते या पार्श्वभूमीवर घडले.

१ फेब्रुवारी १९९९ रोजी सोसिएते जेनेरालचे दानिएल बूतों आणि परिबाचे आंद्रे लेव्ही-लाँग यांनी परस्पर संमतीने विलीनीकरण जाहीर केले. परिबाकडे गुंतवणूक बँकिंगचे कौशल्य होते, सोसिएते जेनेरालकडे शाखांचे जाळे होते. हे घडले असते तर बीएनपी एकटी पडली असती. ९ मार्चला पेबरो यांनी उत्तर दिले : बीएनपी दोन्ही बँकांच्या भागधारकांना आपले भाग देऊ करून दोन्ही बँका एकाच वेळी मागत होती. रोख पैसा मुळीच नव्हता. शेअरच्या बदल्यात शेअर, एवढीच देवाणघेवाण होती. म्हणजेच भागधारकाने ‘हो’ म्हणताना आपली रक्कम घेऊन निघून जायचे नव्हते, तर पेबरो यांच्या हाताखालच्या तिहेरी बँकेवर विश्वास टाकायचा होता.

पुढचे सहा महिने पॅरिसमध्ये वर्तमानपत्रांची पूर्ण पाने जाहिरातींनी भरली, न्यायालयांत अर्ज गेले आणि दोन्ही बाजूंनी बोली सुधारल्या. फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर ज्याँ-क्लोद त्रिशे यांनी तीनही प्रमुखांना समोरासमोर बसवून तोडगा काढण्याचा प्रयत्न केला, पण तो निघाला नाही. आणखी एक गोष्ट त्या काळी जाणकारांच्या मनात होती : पेबरो यांचे थोरले बंधू, उद्योगपती जॉर्ज पेबरो यांनी १९८८ मध्ये सोसिएते जेनेरालचे भाग गोळा करून तिच्या ताब्याचा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. अकरा वर्षांनी त्याच आडनावाचा माणूस पुन्हा दाराशी आला, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

ऑगस्टमध्ये निकाल आला. परिबाचे सुमारे ६५ टक्के भाग बीएनपीकडे आले. सोसिएते जेनेरालचे सुमारे ३७ टक्के आले, पण मतदानाच्या हक्कांत मोजल्यास ते सुमारे ३२ टक्केच भरले. हा फरक कोठून आला हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्या बँकेत दीर्घकाळ नोंदणीकृत राहिलेल्या भागांना दुप्पट मत मिळते, आणि असे भाग मोठ्या प्रमाणावर तिच्याच कर्मचाऱ्यांकडे होते. फंड व्यवस्थापकांनी आपले भाग पेबरो यांना दिले, कर्मचाऱ्यांनी दिले नाहीत, आणि मतपेटीत कर्मचाऱ्यांचे वजन दुप्पट पडले.

आता प्रश्न असा की ३७ टक्के म्हणजे ताबा का? विखुरलेल्या भागधारकांच्या सभेत तेवढ्यावर बहुमत मिळवता येते, असा बीएनपीचा दावा होता, आणि तो हास्यास्पद नव्हता. परंतु बँकांना परवाने देणाऱ्या समितीने, जिच्या अध्यक्षस्थानी त्रिशे होते, ऑगस्टच्या अखेरीस निर्णय दिला की एवढ्या हिश्श्यातून स्पष्ट आणि प्रत्यक्ष नियंत्रण सिद्ध होत नाही, म्हणून तो हिस्सा बीएनपीला ठेवता येणार नाही. ते सर्व भाग मूळ मालकांकडे परत गेले. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता, हे मी स्पष्टपणे लिहितो. ज्या बँकेच्या एक तृतीयांश भागांचा धारक तिच्या व्यवस्थापनाशी उघड वैर धरून बसला आहे, त्या बँकेवरची मर्यादा मी पहिल्याच बैठकीत खाली आणली असती. ठेवीदाराला आणि कर्ज देणाऱ्या दुसऱ्या बँकेला आधी हे कळावे लागते की अडचणीच्या दिवशी निर्णय कोण घेणार आहे.

म्हणून विजय की पराभव, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मी असे उत्तर देईन : योजनेच्या निम्म्या भागात पराभव झाला, पण जो भाग हाती आला तोच बीएनपीला अधिक हवा असायला हवा होता. सोसिएते जेनेराल आणि बीएनपी यांच्या शाखा त्याच शहरांत, त्याच रस्त्यांवर समोरासमोर होत्या. त्या एकत्र करण्यात खर्चाची बचत होती, पण तितकाच मोठा संघर्षही होता. परिबाकडे बीएनपीजवळ नसलेल्या गोष्टी होत्या : मोठ्या कंपन्यांशी संबंध, भांडवल बाजारातील माणसे, ग्राहक कर्जाचा सेतेलेम हा व्यवसाय आणि रोखे सांभाळण्याची सेवा. दोन्ही बँकांचे जाळे एकमेकांवर फारसे चढत नव्हते.

आणि खरे काम त्यानंतर सुरू झाले. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या माणसांना बाजूला सारले असते तर परिबाची किंमत काही महिन्यांत दाराबाहेर चालत गेली असती, कारण गुंतवणूक बँकेची मालमत्ता संध्याकाळी घरी जाते. पेबरो यांनी वरची पदे लवकर जाहीर केली आणि ती दोन्हीकडच्या लोकांत वाटली. त्यांच्याखालच्या दोन प्रमुख पदांपैकी एकावर बीएनपीचे बोद्वँ प्रो होते, तर दुसऱ्यावर परिबाचे दोमिनिक हेन होते. मे २००० मध्ये कायदेशीर विलीनीकरण पूर्ण झाले. त्या काळात मी अनेक देशांतली बँक विलीनीकरणे कागदावर पाहिली. दोन संगणक व्यवस्था आणि दोन अहंकार वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि वार्षिक अहवालात ‘एकात्मीकरण चालू आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा छापले जाते, हा नेहमीचा अनुभव. बीएनपी परिबाच्या अहवालांत ते वाक्य लवकर नाहीसे झाले. पेबरो यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे काम कोणते असे मला विचारले तर मी बोलीचे नाव घेणार नाही, तिच्यानंतरच्या या दोन वर्षांचे घेईन.

किंमत कोठे थांबवायची हेही त्यांना कळत होते. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने क्रेदी लिओनेतील आपला उरलेला १०.९ टक्के हिस्सा लिलावात काढला, तेव्हा बीएनपी परिबाने प्रति भाग ५८ युरो दराने, सुमारे २.२ अब्ज युरो मोजून तो उचलला. पण लवकरच क्रेदी आग्रिकोल या बँकेने संपूर्ण क्रेदी लिओनेसाठी बोली लावली, तेव्हा तिच्यावर चढी बोली लावण्याचा मोह त्यांनी टाळला. २००३ मध्ये त्यांनी कार्यकारी पद प्रो यांच्याकडे सोपवले आणि स्वतः फक्त अध्यक्ष राहिले. एका व्यक्तीकडे दोन्ही पदे ठेवण्याची फ्रान्समध्ये जुनी सवय होती, आणि तेव्हा तेथील थोड्याच मोठ्या कंपन्या ती दोघांत वाटत होत्या.

अध्यक्षपदाच्या या वर्षांत ते पुन्हा राज्याकडे वळले, पण आता सल्लागार म्हणून. अर्थमंत्री तिएरी ब्रेतों यांच्या सांगण्यावरून त्यांनी सार्वजनिक कर्जावर अहवाल तयार केला, जो डिसेंबर २००५ मध्ये सादर झाला. एक हजार अब्ज युरोंच्या वर गेलेले कर्ज हे मंदीचे फळ नसून पंचवीस वर्षांच्या सवयीचे फळ आहे, आणि निवृत्तिवेतनाची देणी त्यात धरलेलीच नाहीत, असे त्याचे म्हणणे. त्रेझोरमध्ये घडलेला माणूसच हे इतक्या कठोरपणे लिहू शकतो. आणखी एक तपशील मला फार आवडतो : हे गृहस्थ अनेक वर्षे एका विज्ञान मासिकात विज्ञानकथांची परीक्षणे लिहीत आणि ‘सियांस पो’ या संस्थेत शिकवतही असत.

२००६ मध्ये इटलीतील बीएनएल ही बँक सुमारे ९ अब्ज युरोंना घेतली गेली. ९ ऑगस्ट २००७ रोजी मात्र बँकेचे नाव वेगळ्याच कारणाने जगभर गेले. अमेरिकी गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांचे मूल्य ठरवणे अशक्य झाले, असे सांगून बीएनपी परिबाने मिळून सुमारे १.६ अब्ज युरोंच्या तीन फंडांतून पैसे काढणे थांबवले, आणि त्याच दिवशी युरोपीय मध्यवर्ती बँकेने बाजारात ९४.८ अब्ज युरो ओतले. त्या दुपारी आमच्या विभागात कोणी जेवायला उठले नाही. फंड लहान होते, पण एवढी सावध बँक ‘किंमत सांगता येत नाही’ असे म्हणते याचा अर्थ सर्वांना कळला होता. माझ्या मते ती कबुली प्रामाणिक होती. इतर अनेकांना तेच सांगायला आणखी वर्ष लागले.

त्या संकटात बँकेला सरकारकडून दोन हप्त्यांत ५.१ अब्ज युरोंचे भांडवल घ्यावे लागले आणि ते तिने ऑक्टोबर २००९ मध्ये परतही केले. त्याच काळात बेल्जियमच्या कोसळलेल्या फोर्टिस बँकेचा ७५ टक्के हिस्सा तिने घेतला. तो व्यवहार न्यायालयात अडकला, त्या प्रकरणात पंतप्रधान इव्ह लतेर्म यांना पद सोडावे लागले, आणि अखेर मे २००९ मध्ये तो पूर्ण झाला. मोबदल्यात बेल्जियमचे सरकार बीएनपी परिबाचे सर्वांत मोठे भागधारक झाले. ज्या माणसाने एक सरकार मालकीतून बाहेर काढले त्याच्याच अध्यक्षतेखाली दुसऱ्या देशाचे सरकार भागधारक म्हणून आत आले, ही गोष्ट भागधारकांची यादी वाचताना प्रत्येक वेळी माझ्या लक्षात येई. डिसेंबर २०११ मध्ये ते पायउतार झाले. अध्यक्षपद प्रो यांच्याकडे गेले आणि कार्यकारी पद ज्याँ-लोराँ बोनाफे यांच्याकडे.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मला येथेच थांबता येणार नाही. ३० जून २०१४ रोजी बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. सुदान, इराण आणि क्युबा यांच्यावरील निर्बंध डावलून डॉलरचे व्यवहार केल्याबद्दल तिला सुमारे ८.९७ अब्ज डॉलर भरावे लागले. ज्या व्यवहारांबद्दल हा दंड झाला ते २००४ ते २०१२ या काळातले होते, म्हणजे बहुतांश पेबरो अध्यक्ष असतानाचे. व्यक्तिशः त्यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही आणि दैनंदिन कारभारही तेव्हा त्यांच्याकडे नव्हता. तरीही दोषी ठरलेल्या व्यवहारांतील मोठा वाटा जिनिव्हातील वस्तू व्यापाराच्या वित्तपुरवठ्यातून गेला होता, आणि तो व्यवसाय परिबाकडून आलेल्या परंपरेचा होता. १९९९ मध्ये मिळालेल्या त्या माणसांना आणि त्या ग्राहकसंबंधांना नव्या बँकेने जपले, हे मी वर तिचे यश म्हणून लिहिले. पण जपताना त्यांच्यावरची देखरेख तितकीच घट्ट झाली नाही, हेही त्याच यशाच्या हिशेबात मांडावे लागते. बाहेरच्या मालकांपासून बँक सोडवण्यात पेबरो यांची बरोबरी करणारा त्यांच्या पिढीत मला दिसत नाही. आतल्या नियंत्रणाबद्दल मी तसे लिहू शकत नाही. आपण अनुपालन विभागात असाल तर आपल्यासमोरच्या टेबलावर येणारे पुष्कळसे फॉर्म आणि व्यवहार तपासणाऱ्या चाळण्या २०१४ च्या त्या तडजोडीनंतर घट्ट झालेल्या आहेत. त्यांचा इतिहास वाचायला घेतलात तर सुरुवात १९९९ पासून करावी.